ऑइल टाकलं की चालू, पंधरा दिवसांनी पुन्हा बंद : ऑइल सेपरेटरचं दुखणं कसं ओळखायचं

जानेवारीतली पहाट, सहाचा सुमार. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून ऑपरेटरचा फोन आला. "दादा, एक नंबर परत ओपीवर गेलाय. काचेत ऑइल दिसत नाही. अर्धा लिटर टाकून चालू करू का?" एक नंबर म्हणजे तिथल्या थंडाव्याच्या मशीनचा पहिला कॉम्प्रेसर, ओपी म्हणजे ऑइल प्रेशर कमी पडलं की तो बंद करणारा स्विच, आणि काच म्हणजे क्रँककेसवरची, कॉम्प्रेसरच्या ऑइल साठणाऱ्या तळभागावरची, पातळी दाखवणारी खिडकी.

त्या हंगामातला हा चौथा फोन. आधीच्या तिन्ही वेळी मीच "टाक" म्हणालो होतो. ऑइल टाकलं की मशीन चालू व्हायचं, पंधरा-वीस दिवस सुरळीत चालायचं आणि पुन्हा एका सकाळी ओपी स्विच पडलेला असायचा. या वेळी मी नको म्हणालो. गाडी काढली आणि तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी मशीनरूममधली वही मागितली. ऑपरेटर मुलगा नीटनेटका, टाकलेल्या प्रत्येक लिटरची नोंद ठेवणारा. बेरीज केली तर साडेपाच लिटर झाली. त्या सेमी-हर्मेटिक, म्हणजे मोटर आतच असलेल्या पण उघडता येणाऱ्या, कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमध्ये ऑइल मावतं साधारण ४ लिटर. म्हणजे त्याच्या पोटात मावतं त्याहून जास्त ऑइल आम्ही त्याला पाजलं होतं, आणि तरी काच रिकामी होती.

ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल जाळतं, रेफ्रिजरेशनचा कॉम्प्रेसर जाळत नाही. सर्किट बंद आहे. कुठल्या जोडावर, फ्लेअर नटवर किंवा शाफ्ट सीलवर तेलकट डाग नसेल, तर टाकलेला प्रत्येक थेंब आतच कुठेतरी पडून आहे. म्हणून अशा मशीनवर पहिला प्रश्न असा पडायला हवा की आधीचं ऑइल आहे कुठे. मी हा प्रश्न तीन वेळा विचारला नाही. त्यापायी तिथे माल आणणाऱ्या शेतकऱ्यांची प्रीकूलिंग, म्हणजे काढलेला माल लगेच थंड करणं, दीड दिवस लांबली. द्राक्षाचा घड काढल्यावर तो काही तासांत ४ अंशांच्या खाली आणावा लागतो. उशीर झाला की देठ तपकिरी पडतो आणि मणीगळ सुरू होते. क्रेट भरून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मशीनचं कारण सांगून उपयोग नसतो.

ओपी स्विच नेमकं काय बघतो, तेही आधी सांगतो, कारण पुष्कळ ऑपरेटर त्याला "ऑइल कमी झाल्याचा स्विच" समजतात. तो पातळी बघत नाही. तेलपंपाचं प्रेशर आणि क्रँककेसचं प्रेशर यांतला फरक बघतो. पंपाच्या पोर्टवर ९५ पीएसआय (दाबाचं माप) आणि सक्शन, म्हणजे गॅस आत ओढण्याच्या बाजूचं आणि क्रँककेसचं प्रेशर, ५५ पीएसआय असेल, तर बेअरिंगना मिळणारं खरं प्रेशर ४० पीएसआय. हा फरक साधारण १० पीएसआयच्या खाली गेला आणि २ मिनिटं तसाच राहिला, की स्विच मशीन पाडतो. आता हा फरक ऑइल संपल्यानेही पडतो, पंप झिजल्यानेही पडतो, आणि ऑइलमध्ये थंडावा देणारा गॅस मिसळून त्याचा फेस झाला तरी पडतो. पंपाला फेस ओढता येत नाही. हे तिसरं कारण लक्षात ठेवा, पुढे त्यानेच मला परत त्याच दारात उभं केलं.

सेपरेटरच्या पोटात काय चालतं

कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम गॅसबरोबर ऑइलचा बारीक फवारा जातोच, कॉम्प्रेसर कितीही नवा असो. सेपरेटर कॉम्प्रेसर आणि गॅस निववून द्रव करणाऱ्या कंडेन्सरच्या मध्ये, डिस्चार्ज लाइनवर, म्हणजे दाबलेला गरम गॅस नेणाऱ्या पाइपावर बसतो. अरुंद पाइपातून गॅस एकदम मोठ्या भांड्यात आला की त्याचा वेग पडतो. तो जाळीवर आदळतो, दिशा बदलतो आणि जड थेंब खाली पडतात. तळाशी एक फ्लोट असतो. ऑइल साठलं की फ्लोट उचलला जातो, त्याला जोडलेली सुई सीटवरून सरकते आणि डिस्चार्जचं प्रेशर ऑइलला बारीक पाइपातून क्रँककेसमध्ये ढकलतं. पातळी उतरली की फ्लोट खाली आणि सुई बंद. तळाशी थोडं ऑइल कायम राहतं आणि तेच गॅसला अडवणारं बूच असतं.

एवढंच यंत्र आहे. बिघडायला त्यात तीनच गोष्टी : सुई बंद अवस्थेत अडकते, उघडी राहते, किंवा भांड्यात ऑइलऐवजी दुसरंच काही तरी साठतं.

बारीक पाइपावर हात ठेवा

सेपरेटरच्या तळातून क्रँककेसकडे जाणारा तो बारीक तांब्याचा पाइप सगळं सांगतो. हात जपून लावा, डिस्चार्ज लाइन ८०-९० अंशांवर असते आणि कातडी सोलून काढते. मी क्लॅम्पचा थर्मामीटर वापरतो. इन्फ्रारेड गन असेल तर पाइपावर काळी टेप गुंडाळून त्या टेपवर नेम धरा. चकचकीत तांब्यावर ती गन वाट्टेल ते आकडे दाखवते.

मशीन अर्धा तास चालल्यावर हा पाइप एका तापमानाला स्थिर राहता कामा नये. निरोगी सेपरेटरमध्ये ऑइल टप्प्याटप्प्याने येतं, त्यामुळे पाइप थोडा वेळ गरम होतो, मग कोमट होतो, मग पुन्हा गरम. दहा-पंधरा मिनिटं खुर्ची टाकून बसा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. हे पंधरा मिनिटांचं काम कुणी करत नाही, आणि अर्धे सेपरेटर याच कारणाने विनाकारण बदलले जातात.

पाइप सतत डिस्चार्ज लाइनइतकाच तापलेला असेल, तर सुई उघडी अडकली आहे किंवा सीटवर कचरा आहे. ऑइल कधीच जाऊन चुकलंय आणि आता गरम गॅस सरळ क्रँककेसमध्ये घुसतोय. सोबतची लक्षणं पाहा : क्रँककेस हाताला चटका देतो, सक्शन प्रेशर चढलेलं, खोली थंड व्हायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ, ऑइल पातळ आणि काळपट. इथे ऑइलची पातळी बहुतेक वेळा ठीक दिसते, म्हणून सेपरेटरवर कुणाचा संशय जात नाही. लोक वॉल्व्ह प्लेट फुटली म्हणून हेड उघडतात. खात्री करायला रिटर्न लाइनचा हँड व्हॉल्व्ह पाच मिनिटं बंद करा. सक्शन प्रेशर उतरलं आणि क्रँककेस निवू लागला, तर दोष सापडला. व्हॉल्व्ह परत उघडायला विसरू नका. मी एकदा एक बंद राहिलेला व्हॉल्व्ह पाहिलाय, आधीच्या माणसाने तपासणीनंतर तसाच सोडलेला. पुढचा मेकॅनिक आठ दिवस ऑइल शोधत होता.

पाइप सतत आसपासच्या हवेइतका थंड असेल, तर काहीच परत येत नाही. सुई बंद अडकली, गाळणी चोंदली, हँड व्हॉल्व्ह बंद आहे किंवा फ्लोटला भोक पडून त्यात ऑइल भरलं. भोक पडलेला फ्लोट बुडतो, आणि बुडलेला फ्लोट सुई कधीच उचलत नाही. या अवस्थेत सेपरेटर गळ्यापर्यंत भरतो आणि मग सगळं ऑइल कंडेन्सरमार्गे खोली थंड करणाऱ्या कॉइलकडे जाऊ लागतं. कॉम्प्रेसरची काच उतरत जाते आणि मालक ऑइलचे डबे मागवत राहतो.

तिसरी अवस्था फार थोड्यांना माहीत असते. मशीन सुरू झाल्यावर पाइप हवेपेक्षाही थंड पडतो, कधी त्याला घाम फुटतो. याचा अर्थ सेपरेटरमध्ये द्रवरूप गॅस साठलेला आहे आणि तो क्रँककेसकडे जाताना वाटेत उकळतोय.

त्या सकाळी एक नंबरचा पाइप थंडगार होता, म्हणजे दुसरी अवस्था. सेपरेटरच्या बुडाशी लाकडी मुठीने हलकेच दोन टकटक केल्या. पाइप एकदम तापला, काचेत ऑइल चढताना दिसलं. फ्लोट मोकळा झाला, पाच मिनिटांत क्रँककेसची काच भरली. ऑपरेटर खूश झाला. पण टकटक ही फक्त तपासणी. सुई ज्या कारणाने चिकटली, ते कारण अजून आतच होतं.

उघडल्यावर

सेपरेटर दोन प्रकारचे येतात. बंद वेल्डिंगचा असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, कापून नवा लावा. फ्लँजचा, म्हणजे बोल्ट आवळलेला असेल तर उघडून साफ करता येतो. तिथला फ्लँजचा होता.

मशीन पंप डाऊन करून, म्हणजे सक्शनकडचा गॅस ओढून, तो रिसिव्हरमध्ये (द्रव गॅसच्या टाकीत) घेतला तरी सेपरेटर हाय साइडला, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूला आहे, हे विसरायचं नाही. पंप डाऊनने तो रिकामा होत नाही. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून मधला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढा. मेन स्विच पाडा, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. गेज शून्य दाखवत असलं तरी एका बाजूचा बोल्ट आधी सैल करून आतलं प्रेशर खरंच संपलंय याची खात्री करून घ्या. खोलीची दारं उघडी हवीत. तिथला गॅस आर-४०४ए विषारी नाही, पण कोंडलेल्या खोलीत तो हवेची जागा घेतो आणि माणूस गुदमरतो. ज्योतीशी गाठ पडली तर त्यातून घातक वायू तयार होतात. म्हणून गॅस पूर्ण निघाल्याशिवाय ब्रेझिंगची (पाइप जोडायची) टॉर्च पेटवायची नाही.

झाकण निघाल्यावर तळाच्या लोहचुंबकावर काळी साय जमलेली दिसली. चिमटीत घेऊन चोळली. थोडी चुंबकाला धरून राहत होती, ती लोखंडाची पूड. बाकीची चुंबकाला न धरणारी, बारीक कागदासारखी खवलं होती. हाच तो पुरावा. तांब्याच्या पाइपाला ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडला नाही, की तापलेलं तांबं आतल्या हवेशी संयोग पावून काळं पडतं. ही काजळी सुरुवातीला भिंतीला घट्ट असते. पण आर-४०४एसारख्या एचएफसी गॅसबरोबर वापरतात ते पीओई हे कृत्रिम ऑइल उत्तम विद्रावक आहे. ते पाइप आतून धुऊन काढतं, खवलं सुटतात, आणि गॅसचा वेग जिथे पहिल्यांदा मंदावतो तिथे बसतात. ती जागा म्हणजे सेपरेटरचा तळ, बरोबर सुईच्या तोंडाशी.

दोन वर्षांपूर्वी त्या साइटवर कंडेन्सर वरच्या गच्चीवर हलवला होता आणि नवीन पाइपिंग झालं होतं. ते काम करणाऱ्यांकडे नायट्रोजनचा सिलिंडर नव्हता, असं ऑपरेटरने सांगितलं. नायट्रोजनचा बारीक प्रवाह सोडायला किती खर्च येतो? एका जोडाला चहाच्या कपाहून कमी. तेवढं वाचवून पुढची कित्येक वर्षं तो कचरा प्रत्येक व्हॉल्व्हच्या तोंडात ठेवून दिला. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो, कारण काम करणारा निघून जातो आणि भोगतो तो शेतकरी.

फ्लोट कानाशी धरून हलवला, आत ऑइल खळखळत नव्हतं, म्हणजे धड होता. सुईच्या टोकाला मात्र गोल चरा पडलेला. अशी सुई पॉलिश करून परत बसवू नका, सीटसकट किट बदला. जाळी आणि भांडं धुतलं, नायट्रोजनने सुकवलं, नवं गास्केट लावलं, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. लीक टेस्ट कोरड्या नायट्रोजनने, प्लेटवर लिहिलेल्या प्रेशरच्या मर्यादेत. ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट करण्याचा विचारही करू नका, ऑइल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. मग व्हॅक्यूम (आतली हवा ओढून काढणं) ५०० मायक्रॉनपर्यंत, पंप बंद करून आकडा चढतो का ते बघितलं, ओलावा आणि कचरा टिपणारा फिल्टर ड्रायर नवा घातला.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट : सेपरेटर बंद करण्याआधी त्यात त्याचं स्वतःचं ऑइल भरावं लागतं. किती, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं, लहान सेपरेटरला साधारण अर्धा लिटरच्या आसपास. ते न भरता चालू केलं तर सेपरेटर पहिल्या तासातच तेवढं ऑइल कॉम्प्रेसरकडून घेतो आणि काच उतरलेली दिसते. नवा सेपरेटर लावल्या दिवशीच "ऑइल खातंय" अशी तक्रार आली, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. ऑइल कॉम्प्रेसरच्या प्लेटवर लिहिलेल्या ग्रेडचंच हवं आणि सील असलेल्या डब्यातलं. पीओई हवेतला ओलावा भराभर ओढतं. परवा उघडून झाकण लावून ठेवलेला डबा माझ्या लेखी वाया गेलेला डबा आहे.

ते साडेपाच लिटर परत आले तेव्हा

सेपरेटर दुरुस्त झाला आणि मी रात्रभर तिथेच थांबलो. ते ऑइल कॉइलमध्ये आणि सक्शन लाइनच्या खोलगट भागात पडून होतं. सेपरेटरने नवं ऑइल जाणं थांबवलं, आता जुनं हळूहळू परत येणार होतं. डिफ्रॉस्ट झाला, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवला, की कॉइल गरम होते, ऑइल पातळ होतं आणि एकदम सुटतं. असं लिटर-दीड लिटर ऑइल एका झटक्यात सक्शनमधून आलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही. वॉल्व्ह रीड (व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या) तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड जातो. ऑइल टाकत राहण्याचा खरा धोका हा आहे.

त्या रात्री दर डिफ्रॉस्टनंतर काच बघितली. पातळी अर्ध्याच्या वर गेली की ड्रेनमधून काढायचं. पहाटेपर्यंत सव्वातीन लिटर निघालं, पुढच्या दोन दिवसांत ऑपरेटरने आणखी दीड लिटर काढलं. काढलेलं ऑइल काळं होतं. ते परत वापरायचं नाही. आठवडाभराने सगळं ऑइल बदललं आणि सक्शन फिल्टरही.

मला वाटलं काम संपलं.

तीन आठवड्यांनी, पुन्हा पहाटे

पुन्हा फोन, पुन्हा ओपी. या वेळी ऑपरेटर म्हणाला, "दादा, ऑइल भरपूर होतं. चालू केल्यावर काचेत नुसता दुधासारखा फेस झाला आणि मशीन पडलं." रीसेट करून तीन वेळा चालवल्यावर मशीन टिकलं आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. काच अर्धी.

तक्रार फक्त पहाटेची. फक्त कडाक्याच्या थंडीनंतरची. आणि फक्त एक नंबरची. दोन नंबरचा कॉम्प्रेसर तसाच, सेपरेटर त्याच मापाचा, तरी तो कधी पडत नव्हता. दोन्हींत फरक एकच : दोन नंबरचा सेपरेटर मशीनरूमच्या आत होता. एक नंबरचा, कंडेन्सर हलवताना, जागा नाही म्हणून बाहेर उत्तरेच्या भिंतीवर टांगला होता.

निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. खोलीचं तापमान साधलं की पहाटे दोन-तीनला मशीन थांबतं आणि बाहेरचं ते पोलादी भांडं तासाभरात गार पडतं. इकडे रिसिव्हर मशीनरूमच्या उबेत. गॅसचा स्वभाव असा, की बंद सर्किटमध्ये तो उबेतून निघतो आणि सगळ्यात थंड जागी जाऊन द्रव होतो. तशी एक थंड जागा त्या हलवाहलवीनेच तयार करून दिली होती.

आता पुढचं बघा. सेपरेटरच्या तळाशी द्रव गॅस साठला. फ्लोटला ऑइल आणि गॅस यांतला फरक कळत नाही, तो उचलला गेला. सुई उघडली. पंप डाऊनमुळे क्रँककेसमध्ये प्रेशर कमी, त्यामुळे सगळा द्रव गॅस बारीक पाइपातून क्रँककेसमध्ये उतरला. सकाळी मशीन सुरू झालं, क्रँककेसचं प्रेशर पडलं, ऑइलमधला गॅस उकळला, फेस झाला. पंपाने फेस ओढला, ओपी पडला. शिवाय फेसाबरोबर बरंचसं ऑइल सिलिंडरमधून बाहेर फेकलं गेलं, काच रिकामी दिसली आणि ऑपरेटरने अर्धा लिटर टाकलं. हंगामाच्या सुरुवातीच्या काही ट्रिप्स अशाच झाल्या असणार. आधी अडकलेली सुई आणि नंतर थंड भांडं, दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते.

"पण क्रँककेस हीटर तर चालू आहे," असं मालक म्हणाले. हीटर चालूच होता, मी अँपिअर बघितले. हीटर क्रँककेसला उबदार ठेवून गॅसला तिथे आपोआप येण्यापासून रोखतो. इथे गॅस मागच्या दाराने, प्रेशरने ढकलला जात होता. त्यापुढे एवढासा हीटर काय करणार?

उपाय चार केले. सेपरेटरच्या आउटलेटवर, कंडेन्सरकडे जाणाऱ्या लाइनमध्ये, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे मशीन थांबल्यावर कंडेन्सरकडून गॅस मागे येणार नाही. भांड्याला इन्सुलेशन केलं आणि तळाला पट्टीचा हीटर लावला, तो मशीन बंद असतानाच चालतो. ऑइल रिटर्न लाइनमध्ये गाळणी, काच आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) टाकला. मशीन थांबलं की सोलेनॉइड बंद. चालू झाल्यावरही तो लगेच उघडत नाही. सेपरेटरच्या तळावर थर्मोस्टॅट बांधलाय, भांडं तापून आतला द्रव गॅस उडाल्यावरच सोलेनॉइडला करंट मिळतो. सोलेनॉइड निवडताना तो गरम ऑइलला चालणारा आहे ना, हे बघून घ्या. पाण्याच्या लाइनचा स्वस्त सोलेनॉइड इथे महिनाभरही टिकत नाही.

यातला एकच उपाय परवडत असेल तर सोलेनॉइड आणि थर्मोस्टॅटची जोडी आधी करा, असं माझं मत आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजून थोडा गळला तरी ही जोडी क्रँककेस वाचवते. शक्य असेल तर सेपरेटर आत घ्या, तो सगळ्यात खरा उपाय. त्या साइटवर भिंत फोडायला हंगाम संपेपर्यंत थांबावं लागणार होतं.

सेपरेटर निर्दोष असतो तेव्हा

रिटर्न पाइप गरम-कोमट-गरम असा नीट चालतोय आणि तरी काच उतरतेय, तर सेपरेटरला हात लावू नका. कुठलाही सेपरेटर सगळं ऑइल पकडत नाही. उरलेलं सर्किटमधून फिरून सक्शन लाइनने परत यायलाच हवं. सक्शनचा उभा पाइप गरजेपेक्षा जाड असेल तर गॅसचा वेग पडतो आणि ऑइल वर चढत नाही. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी ट्रॅप (ऑइल जमणारा बाक) हवा, आडव्या पाइपाला कॉम्प्रेसरकडे उतार हवा. कमी लोडवर मशीन दर तीन-चार मिनिटांनी चालू-बंद होत असेल, तर प्रत्येक सुरुवातीला ऑइल बाहेर फेकलं जातं आणि परत येण्याइतका वेळ त्याला मिळत नाही. तिथे दुरुस्ती प्रेशर सेटिंगची किंवा लोडची आहे. कॉइलमध्ये द्रव गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जास्त उघडा राहून द्रव गॅस परत येत असेल, तरी फेस होतो, पण तो दिवसाही होतो. पिस्टन रिंग झिजल्या असतील तर ऑइल इतकं जास्त फेकलं जातं की सेपरेटरला झेपत नाही.

सेपरेटर बदलताना पाइपाचं माप जुळलं म्हणून घेऊ नका. निवड टन (थंड करण्याची क्षमता), बाष्पीभवनाचं तापमान आणि कंडेन्सिंगचं तापमान यांवर होते. लहान पडलेल्या सेपरेटरमध्ये गॅसचा वेग पडतच नाही, तो ऑइल बरोबर घेऊन जातो.

अमोनियाच्या प्लँटवाल्यांसाठी एवढंच, की त्यांचा मामला वेगळा. अमोनियात नेहमीचं ऑइल विरघळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने भांड्यांच्या तळाशी बसतं. ते तळातून ड्रेन करावं लागतं. ते काम आपोआप बंद होणाऱ्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हशिवाय आणि मास्कशिवाय करू नका, ड्रेन उघडा ठेवून एक क्षणही दूर जाऊ नका.

एक नंबरच्या मशीनची वही मी मार्चच्या शेवटी पुन्हा चाळली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ऑइलच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. हंगाम संपल्यावर सेपरेटर आत घेतला आणि त्याच वेळी रिटर्न लाइनची गाळणी उघडली. तळाशी चिमूटभर काळी खवलं होती. त्या नव्या पाइपिंगचे जोड अजून खवलं सोडताहेत, म्हणून ती गाळणी आता दर सहा महिन्यांनी उघडायची, असं ऑपरेटरने वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय.